पुलांची नोंदवही कोणाच्या हाती?

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणारा हा मार्ग होता. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापण वाटले, याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अत्यंत प्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. राजसत्तेला जे महत्त्वाचे वाटले ते तिने मोजले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा जागी दगडात कोरून ठेवले.

आज त्याच जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात एखाद्या नागरिकाने साधा प्रश्न विचारून पाहावा. या दोन तालुक्यांत मिळून पूल, फरशी पूल, मोऱ्या आणि साकव किती? त्यांपैकी कोणता कोणत्या साली बांधला? तो कोणाच्या ताब्यात आहे? त्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि तीत काय आढळले? या प्रश्नांचे उत्तर एका वहीत, एका टेबलावर मिळत नाही. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारीही कोणाकडे नसते, हा कारभाराचा अलिखित नियम आहे. पुलांच्या तपासणीची नोंद कशी ठेवावी हा म्हणूनच केवळ अभियंत्यांच्या परिषदेत चर्चिण्याचा विषय नाही. सामान्य माणसाच्या जिवाची किंमत शासनाच्या दप्तरात किती, याचा तो विषय आहे.

‘तपासणीच होत नाही’ अशी तक्रार आपले कार्यकर्ते नेहमी करतात. ती पूर्णतः खरी नाही, आणि अपुऱ्या तक्रारीवर उभारलेले आंदोलन लवकर निष्प्रभ होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि एक खासगी वाहन नदीत गेले आणि सुमारे ४० माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर सरकारतर्फे काय सांगण्यात आले? याच पुलाची तपासणी त्या वर्षीच्या मे महिन्यात झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता! म्हणजे तपासणी झाली होती. कागद तयार झाला होता. तीन महिन्यांच्या आत पूल मात्र उरला नाही. मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला. त्याचीही संरचनात्मक तपासणी पूर्वी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरण्यास योग्य ठरवण्यात आला होता. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून ४ जण मरण पावले आणि ५० हून अधिक जखमी झाले. तेथे धोक्याचा फलक होता, आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, ९ जुलै २०२५ रोजी, गुजरातमध्ये मही नदीवरील गंभीरा पूल खचला आणि २० हून अधिक माणसे दगावली. तो पूल १९८५ सालचा, म्हणजे अवघा चाळीस वर्षांचा होता.

या घटनांतून एकच निष्कर्ष निघतो. तपासणी होणे आणि तपासणीतून काही कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कळणे आणि कळल्यावर काही करणे या तर आणखीच भिन्न. या तिन्हींना जोडणारा दुवा म्हणजे नोंद. तो दुवा तकलादू असेल तर कितीही वेळा तपासणीचे आदेश काढले तरी त्यांचा उपयोग पुढील दुर्घटनेपर्यंत वेळ काढण्यापुरताच होतो.

प्रस्तुत लेखकाने काही काळापूर्वी एका ओढ्यावरील पुलाचा तपासणी अहवाल पाहण्यास मागितला होता. कार्यालयाचे नाव येथे सांगण्यात हशील नाही, कारण दोष एका कार्यालयाचा नसून पद्धतीचा आहे. मिळालेल्या एकपानी तक्त्यात पाया, खांब, स्लॅब, कठडे असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे एकच शब्द होता : ‘समाधानकारक’. मागील वर्षीचा तक्ता मागितला, त्यातही तोच शब्द. त्याच्या मागील वर्षीचा सापडला नाही. पावसाळ्यानंतर त्या पुलाच्या मधल्या खांबाशी नदीचा तळ किती खाली गेला आहे हे काठावर गुरे चारणारा मुलगा हाताने दाखवू शकत होता; शासनाच्या कागदाला ते सांगता येत नव्हते.

‘समाधानकारक’ हे विशेषण आहे, मोजमाप नव्हे. विशेषणाची तुलना करता येत नाही. पुलाचे आजारपण मात्र तुलनेनेच कळते. नदीवरील पूल बहुधा वरून मोडत नाही, तो पायातून जातो. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरा घेते आणि पायाखालची माती-वाळू उकरून नेते. त्यात वाळूउपशाची भर पडली की पात्राचा तळ वर्षावर्षाला खाली जातो आणि एके काळी जमिनीत खोल गाडलेला पाया उघडा पडतो. वरून जाणाऱ्यास रस्ता गुळगुळीतच दिसतो. यास्तव प्रत्येक खांबाशी तळाची पातळी दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजून आकड्यात लिहिणे हा तपासणीचा प्राण होय. तडा असेल तर त्याची रुंदी किती मिलिमीटर, लांबी किती, तो कोणत्या गाळ्यात, मागील वर्षी किती होता. बेअरिंग हलते की गंजून जाम झाले आहे. स्लॅबखाली सळ्या उघड्या पडल्या असतील तर किती जागेत. आणि या प्रत्येक गोष्टीचे त्याच कोनातून घेतलेले छायाचित्र, तारखेसह आणि तपासणाऱ्याच्या नावासह. एवढे असेल तर अभियंता बदलून गेला तरी पुलाची स्मृती शिल्लक राहते. आजच्या पद्धतीत बदलीच्या आदेशाबरोबर पुलाची स्मृतीही बदलून जाते.

याबाबत देशात मानके नाहीत असेही नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीच्या कामातून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. पुलांच्या तपासणीची तिची पुस्तिका १९७८ सालची आहे. तपासणी व देखभालीची मार्गदर्शक तत्त्वे १९९० साली आली आणि २०१५ साली ती सुधारण्यात आली. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी, सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनी, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. प्रत्येक पुलास स्वतंत्र ओळख क्रमांक, नकाशावर नेमके स्थान, आणि पुलाच्या निरनिराळ्या भागांस ० ते ९ असे स्थितीदर्शक गुणांक, ही तिची रचना आहे. दीड लाखाहून अधिक पूल व मोऱ्यांची तीत नोंद झाली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा आपण करू नये.

परंतु हा सारा खटाटोप मुख्यतः राष्ट्रीय महामार्गांसाठी होता. आमच्या दोन तालुक्यांपुरते बोलायचे तर मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा जाणारा पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज उतरून कल्याणकडे जाणारा ओतूरवरचा रस्ता त्यात येतो. महामार्गाच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकले की राष्ट्रीय मानक संपते. तेथून पुढे राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे. कालव्यांवरचे पूल जलसंपदा विभागाचे. ग्रामसडक योजनेतील पूल त्या योजनेच्या यंत्रणेचे. आणि डोंगरी भागातील साकव ज्या वर्षी ज्या निधीतून झाला त्या निधीचे! एकाच घोड नदीवर, एकाच पुराच्या तडाख्यात सापडणारे पूल असे चार-पाच दप्तरांत विभागलेले असतात. नदीला खाती माहीत नाहीत.

कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे या दोनच तालुक्यांत आहेत. पावसाळ्यात कोणत्या धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हा आकडा त्याच दिवशी प्रसिद्ध होतो, कारण त्या पाण्याला खाली अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांपर्यंत मागणीदार आहेत. तेच पाणी वाटेतील पुलांच्या खांबांशी काय करून गेले याचा आकडा मात्र कोणी प्रसिद्ध करीत नाही. सत्ता आपल्या सोयीचे तेवढे मोजते, हे नाणेघाटापासून आजतागायत बदललेले नाही.

मग या नोंदीबाहेरच्या पुलांवरून जाते कोण? डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या ते पश्चिम आंबेगावातील महादेव कोळी कुटुंबांचे लोक, शाळेत जाणारी मुले, दुधाची किटली सायकलला लावून निघालेला शेतकरी, नारायणगावच्या बाजाराकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणारे छोटे टेम्पो, आणि साखर कारखान्यांच्या हंगामात फडावर राबणारे ऊसतोड कामगार. ज्या काळी हे फरशी पूल बांधले गेले त्या काळी त्यांवरून बैलगाड्या जात असत. आज त्यांवरून दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. पूल कोणत्या वजनासाठी बांधला याचा कागदच नसेल तर तो आजचे वजन पेलतो की नाही हे ठरवणार कशावरून? कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर पूल म्हणून बांधलेलेच नसतात. परंतु पलीकडचे शेत, शाळा आणि दवाखाना गाठण्यास दुसरा मार्ग नसल्याने लोक त्यांवरून ये-जा करतात. कागदावर तो बंधारा, लोकांसाठी तो पूल. म्हणून पुलाच्या यादीत तो कधीच येत नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मेली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते त्या मार्गावरील एसटीच्या चालकाच्या. त्या प्रदेशात रस्ता आणि पूल म्हणजे केवळ वाहतुकीची सोय नाही, बाहेरच्या जगाला बातमी जाण्याची आणि मदत येण्याची तीच एक वाट आहे. अशा वाटेवरील एका साकवाची स्थिती महामार्गावरील उड्डाणपुलाइतक्याच काळजीने नोंदली जावी, ही मागणी अवास्तव कशी म्हणावी?

याबाबतीत परदेशचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. त्याचे गोडवे गाण्यासाठी नव्हे, तर त्यातील यश आणि अपयश दोन्हींपासून शिकण्यासाठी. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे मेली. कारण होते साखळीच्या एका दुव्यातील बारीक चीर. तोवर त्या देशात पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय मानकच नव्हते. १९६८ साली कायदा झाला, १९७१ साली मानके आली, साधारणपणे दर २४ महिन्यांनी तपासणी बंधनकारक झाली आणि सहा लाखांहून अधिक पुलांची नोंद एकाच पद्धतीने, कोणाही नागरिकास पाहता येईल अशी, ठेवली जाऊ लागली. त्यात काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थांचे, पूलही आले. नोंदीची १९९५ सालची संहिता २०२२ साली बदलण्यात आली. अधिक तपशीलवार, घटकवार नोंदीवर भर आला आणि मुख्य महामार्गजाळ्यावरील पुलात अतिगंभीर दोष आढळल्यास २४ तासांच्या आत केंद्रीय यंत्रणेस कळवण्याचे बंधन आले.

तथापि, १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिस येथे मिसिसिपी नदीवरील पूल याच व्यवस्थेच्या डोळ्यांदेखत कोसळला आणि १३ माणसे मेली. तो पूल वर्षानुवर्षे ‘सदोष’ म्हणून नोंदलेला होता. ज्या जोडपट्ट्या तुटल्या त्या मूळ आराखड्यातच अपुऱ्या जाडीच्या होत्या, आणि त्या वाकल्याचे दाखवणारी जुनी छायाचित्रे दप्तरात पडून होती. छायाचित्र होते, पण ते पाहून ‘हे असे का?’ असे विचारणारा नव्हता. उत्तम नोंदवही ही सुरक्षिततेची अट आहे, हमी नव्हे, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा. नोंदीला वाचक लागतो, आणि तो केवळ खात्यातला असून भागत नाही.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. एका शाखा अभियंत्याकडे कित्येक किलोमीटरचे रस्ते, इमारती, निविदा, बैठका आणि मंत्र्यांचे दौरे, अशी कामे असतात. तो प्रत्येक खांबाशी उतरून मोजमाप कसे घेणार? आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर रिक्त पदे भरणे हे आहे, तपासणी खासगी सल्लागाराच्या हवाली करणे हे नव्हे. हिमालय पुलाचा अनुभव आपल्यासमोर आहे. शिवाय कनिष्ठ अभियंत्याची आणखी एक अडचण आहे, ती उघडपणे बोलली जात नाही. ‘धोकादायक’ असे त्याने लिहिले आणि निधी आला नाही, तर उद्या पूल पडल्यावर वरिष्ठ सुटतात आणि लिहिणारा सापडतो. न लिहिले तर ‘समाधानकारक’ या शब्दाआड सारेच सुरक्षित राहतात. अशा स्थितीत प्रामाणिक नोंदीची अपेक्षा करणे म्हणजे एकट्या माणसाकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे होय. म्हणून नोंदवहीत दोषाच्या रकान्यासमोर आणखी एक रकाना हवा : हा दोष कोणत्या तारखेस कोणत्या अधिकाऱ्यापुढे ठेवला, आणि त्याने काय निर्णय दिला. जबाबदारी मग खाली साचून न राहता वर चढेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. तपासणी कडक झाली की अधिकारी ‘पूल वापरास बंद’ असा फलक लावून मोकळे होतील आणि गरिबांची वाट तेवढी बंद होईल, ही ती भीती. कुंडमळ्यातही फलक होताच. फलकाने माणसे वाचत नाहीत, पर्यायाने वाचतात. म्हणून पूल बंद केल्यास वळसा किती पडतो हा आकडा प्रत्येक पुलाच्या नोंदीत असला पाहिजे. अमेरिकेच्या यादीत वळशाच्या अंतराची नोंद पूर्वीपासून आहे. आपल्या केंद्रीय प्रणालीतही पुलाच्या सामाजिक-आर्थिक महत्त्वाचा गुणांक आहे. परंतु तो वळसा मोटारीचा मोजला जाऊ नये. दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलीचा आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाईचा मोजला जावा. मोटारीला बारा किलोमीटर म्हणजे पाव तास. पायी चालणारास तो अर्धा दिवस आहे. हा एक आकडा नोंदवहीत आला तर दुरुस्तीचा अग्रक्रम कोणत्या पुलाला द्यावा हा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटू लागेल.

आपल्या मागण्या तेव्हा पुढीलप्रमाणे असल्या पाहिजेत. रस्ता कोणत्याही खात्याचा असो, पूल, साकव आणि वहिवाटीचा बंधारा यांची नोंद एकाच मानकानुसार व्हावी. प्रत्येक पुलावर त्याचा क्रमांक, बांधणीचे साल, सोसण्याचे वजन, ताबेदार खाते आणि शेवटच्या तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली पाटी असावी. विशेषणे बाद करून मोजमापे व छायाचित्रे अनिवार्य करावीत. पावसाळ्यापूर्वीचा आणि पावसाळ्यानंतरचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. पश्चिम भागातील अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान दिलेले आहे. आणि हे सारे कोणी अर्ज करील तेव्हा नव्हे, तर आपणहून प्रसिद्ध व्हावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम नेमके हेच सांगते.

जुन्या कार्यकर्त्यांना रोजगार हमीचे दिवस आठवत असतील. हजेरीपट मजुरांसमोर मोठ्याने वाचा, एवढीच ती मागणी होती. पण त्या वाचनाने मुकादमाचे आणि कंत्राटदाराचे आसन डळमळले. राजस्थानात हजेरीपटांच्या अशाच जाहीर वाचनातून माहितीच्या अधिकाराची चळवळ देशभर पसरली. कागद ज्याच्या जिवाशी संबंधित आहे त्याच्यासमोर तो वाचला गेला की कागदाला खोटे बोलणे जड जाते, हा आपल्या चळवळीचा अनुभव आहे. तोच अनुभव आता पुलांच्या बाबतीत उपयोगात आणावयाचा आहे.

त्यासाठी शासनाच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड यांच्या काठांनी आपले तरुण साथी गावोगाव चालत जाऊ शकतात. प्रत्येक ओलांडणीची एक ओळ लिहावी : जागा, प्रकार, कोणाच्या ताब्यात, त्यावरून कोण जाते, बंद झाल्यास पायी वळसा किती. आपण अभियंते नाही. पूल सुरक्षित की असुरक्षित याचा निवाडा आपण करू नये. परंतु तो आहे, त्यावरून माणसे जातात आणि तो यादीत नाही, एवढे सांगण्यास पदवी लागत नाही. ती वही तहसील कार्यालयासमोर मांडून तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे तपासणीची तारीख मागावी. जेथे तारीख मिळेल तेथे अहवाल मागावा, आणि जेथे मिळणार नाही तेथे ती ओळ ग्रामसभेच्या ठरावात जावी. पुढील पूर यादी तयार होण्यासाठी थांबणार नाही.